ड्रायव्हरच्या सीटखालचा कप

ये, आत ये. बूट दाराशीच काढ आणि तो स्टूल ओढ इकडं. कॉफी होतेय. काल संध्याकाळी तुझी गाडी आत आली तेव्हाच मी खिडकीतनं बघितली आणि म्हटलं, याला हिल्काची गोष्ट सांगितल्याशिवाय सोडायचं नाय. थंडी गाडीत काढायची म्हणतोस ना? मग बस. गोष्ट अशी आहे की तिच्यात तोंडावर पडलो तो मीच, म्हणजे खोटं सांगून मला काय मिळणार.

मी विल्हो. चाळीस वर्षं लाकडाचा ट्रक चालवला, शाळा सहा यत्ता, पुढं मास्तर पण कंटाळला आणि मी पण. बायको गेल्यावर ही राहायची गाडी घेतली आणि इथंच राहिलो, तलावाच्या काठाला, एक नंबरच्या जागेवर.

उन्हाळ्यात या कॅम्पात शंभर मोटरहोम असतात. पोरं, कुत्री, भाजलेल्या सॉसेजचा धूर. हिवाळ्याला जागा मात्र आठच, आणि त्या पैसे मोजून मिळत नाहीत. कपांनी मिळतात. ते तुला मालकिणीनं, राउहानं, सांगितलं नसेल, कारण तू विचारलं नसशील.

तर कप म्हणजे असं. लई वर्षांपूर्वी इथं एका म्हाताऱ्याला जानेवारीत गाडीतनं उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. पायाची दोन बोटं गेली त्याची. तेव्हा कॅम्प राउहाच्या बापाचा होता. त्यानं नेम घालून दिला, आणि आता राउहा तोच चालवते. पारा पहिल्यांदा उणे पंचवीसच्या खाली जाणार असं रेडिओवर सांगितलं, की संध्याकाळी ती नव्या माणसाच्या गाडीत येते. तीन कप पाणी भरते आणि जमिनीवर ठेवते. एक दाराशी, एक पलंगाखाली, एक ड्रायव्हरच्या सीटखाली. सकाळी नऊला बघते. तिन्हींत पाणी असलं, तर वाफ घ्यायच्या सौनाच्या भिंतीवरच्या फळीवर तुझं नाव रंगवतात आणि हिवाळाभर जागा तुझी. एकात जरी बर्फाची पापडी दिसली, तर गाडी राहू दे, पण माणसानं चार भिंतींत जायचं. वाद नाय, रडगाणं नाय.

आणि त्या फळीवर ज्याचं नाव सगळ्यात वर, त्याला शनिवारी सौनातली पहिली वाफ. पहिली वाफ काय असते हे तुला सांगायला नको. फळ्या कोरड्या, दगड नुसते तापलेले, कुणाच्या घामाचा वास नाय. कित्येक वर्षं ती वाफ माझी होती. वरची माणसं गेली, कुणी स्पेनला, कुणी देवाकडं, आणि माझं नाव वर सरकलं.

हिल्का आली ती ऑक्टोबरच्या मध्यावर. अडुसष्ट वर्षांची बाई, शाळेच्या स्वैपाकघरात तीस वर्षं दोनशे पोरांचा वाटाण्याचा रस्सा ढवळलेली, दंड असे की माझा टायर बदलला असता. नवरा ताउनो वसंतात गेला होता. दोघांनी ठरवून जुनं लाकडी घर विकलं होतं, गाडी घेतली होती, पहिला हिवाळा इथं काढायचा बेत होता. गाडी आली आणि ताउनो गेला. पोरगा माउरी बायकापोरांना घेऊन औलू शहरात सहाव्या मजल्यावर राहतो. तो म्हणाला, आई, माझ्याकडं ये, एक खोली आहे. हिल्का ती खोली बघून आली. खोलीत त्याचं पळायचं मशीन होतं, आणि ते हलवायचं नाय असं सुनेनं आधीच सांगून ठेवलेलं. मशीनच्या पायथ्याशी झोपायचं, आणि सकाळी सहाला तो पळायला लागला की उठायचं.

म्हणून तिला इथली जागा पाहिजे होती. घर परत मिळणार नव्हतं. एक तर फळीवर नाव, नायतर मशीनचा पायथा.

गाडी बघून मला हसू आलं होतं. कुठल्या तरी गरम समुद्राकाठी उन्हाळ्यात उभी करायला बांधलेली. भिंती ब्रेडच्या स्लाइसएवढ्या. आणि पुढं काय केलं बाईनं, तर टोपल्या घेऊन जंगलात गेली. वाळलं शेवाळ गोळा केलं, रेनडियर खातात ते पांढरंसुद्धा. मग स्टोव्हवर पिठाची खळ शिजवली, कागदाच्या लांब पट्ट्या कापल्या, आणि जिथं फट दिसेल तिथं शेवाळ कोंबून वरनं पट्टी चिकटवत सुटली.

आमच्या जुन्या घरांत असंच करतात. माझी आई पण करायची. थंडी आली की खिडक्यांच्या कडा कागदानं बंद, दोन काचांच्या मधे शेवाळ, वसंतात सगळं फाडून काढायचं. घराला ते चालतं. घर लाकडाचं असतं, लाकूड श्वास घेतं, चुलीचं धुराडं हवा ओढतं. गाडी म्हंजे प्लॅस्टिकचा डबा. आणि हिल्कानं खिडक्यांवर न थांबता जमिनीतली हवेची जाळी बंद केली, छतावरचा झरोका बंद केला, दाराच्या खालची फट बंद केली. डबा हवाबंद झाला, लोणचं घालायला बरा.

मी माझ्या खिडकीतनं बघत होतो सगळं. कॉफी पीत. माहीत होतं मला की हे चुकतंय. पण बोललो नाय.

आता तू म्हणशील का नाय बोललास. तर आपल्यात तसं आहे ना, विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात बोट घालायचं नाय. शेजाऱ्याचं छप्पर उडालं तरी आपण म्हणतो, वारा आहे आज. मी तेवढं मात्र केलं की कुंपणाशी जाऊन तिला म्हटलं, बाई, तुझे तिन्ही कप पाण्याचे निघाले तर माझी पहिली वाफ तुझी. ती शिडीवर होती, हातात खळीचा ब्रश. वरनं बघितलं माझ्याकडं.

"कायमची?"

"कायमची," म्हटलं मी. हसलो पण वर. आणि परत येऊन दुसरी कॉफी ओतली.

नोव्हेंबरात पहिला उणे बारा आला. सकाळी दहा वाजले तरी हिल्का बाहेर नाय. ती तर सातला बर्फ लोटायला हजर असायची. तिच्या खिडक्या बघितल्या तर पांढऱ्या, आणि बाहेरनं नाय, आतनं पांढऱ्या. मी पहार घेऊन गेलो. दार वाजवलं. आतनं आवाज आला, शांत, पण जड, की दार उघडत नाय, गोठलंय. पहारीनं ओढलं, खळीची पट्टी टर्रकन फाटली, आणि आतनं जी वाफ बाहेर आली, शपथेवर सांगतो, बटाटे उकडल्याचा वास होता तिला.

आत बघवत नव्हतं. भिंतींवरनं पाणी ओघळतंय. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर बर्फाची बुरशी. गादी उचलली तर खालनं चिंब. सकाळपासनं गॅसवर कॉफी आणि लापशी करत बसलेली, गरम व्हावं म्हणून ज्योत तशीच चालू ठेवलेली, आणि हवा आत यायला बोटभर जागा नाय. चेहरा राखेसारखा. डोकं दुखतंय म्हणाली. मी आधी गॅस बंद केला आणि तिला धरून बाहेर पायरीवर बसवलं. अजून तासभर गेला असता, तर ही गोष्ट मी तुला हसत सांगत नसतो.

थंड हवेत तिचा रंग परत आला. मग मी छतावर चढलो, झरोक्यावरचा कागद ओरबाडला, खालची जाळी मोकळी केली. कागदाचे बोळे हातात घेऊन उतरलो तर ती माझ्याकडंच बघत होती.

"तुला माहीत होतं," म्हणाली.

"होतं."

"आणि तू खिडकीत बसून बघत होतास."

"तू विचारलं नाहीस."

तिनं माझ्या हातातला एक बोळा घेऊन उलगडला. मग म्हणाली, "ताउनो असाच होता. छातीत दुखत होतं तीन आठवडे. मी म्हटलं, बोलला का नाहीस. तर म्हणे, तू विचारलं नाहीस."

ट्रक खड्ड्यात गेला की कसं वाटतं, तसं वाटलं. बोळे हातात घेऊन उभा राहिलो नुसता.

तिनं गुडघ्यांवर हात मारले आणि उठली. म्हणाली, उद्यापासनं रोज सकाळी मी येणार आणि तीन गोष्टी विचारणार. तू उत्तर द्यायचं. खरं द्यायचं. आणि वाफेची पैज आहे तशी आहे.

आली की. रोज साडेसातला, अंधारात, डोक्याला दिवा बांधून. माझ्या दारात उभी राहून तीन प्रश्न विचारायची, उत्तर ऐकायची, जायची. पहिल्या दिवशी विचारलं, गादी खालनं का भिजते. मी सांगितलं, खालनं हवा खेळत नाय म्हणून. संध्याकाळपर्यंत तिनं जुन्या सौनाच्या फळीच्या पट्ट्या कापून गादीखाली टाकल्या होत्या. सांडपाणी गोठू नये म्हणून काय करतोस? तोटी उघडी ठेवतो, खाली बादली ठेवतो, बादली गोठली की पालथी करतो, झाला बर्फाचा केक. गॅस कुठला? निव्वळ प्रोपेन, उन्हाळ्याची मिसळलेल्या गॅसची बाटली इथं थंडीत झोपून जाते, गॅसच येत नाय. असं चाललं होतं. छतावरच्या हीटरच्या धुराड्याला वाढीव नळी लावायचं मी सांगितलं, बर्फात बुडू नये म्हणून, तर ती दुपारी वर चढलेली.

पण ती नुसती ऐकणारी नव्हती. एक दिवस बघतो तर गाडीच्या चारी बाजूंनी खाली फळ्या लावतेय, त्यावर स्प्रूस झाडाच्या फांद्या, आणि त्यावर फावड्यानं बर्फ थापतेय. जुन्या घराच्या पायाला मातीचा बांध असायचा ना, तसा. म्हणाली, घराला पाय गरम लागतात, गाडीला नसतील लागत होय? मला तेव्हा बारा वर्षं झालेली इथं, बर्फ मी पण लावायचो, पण फांद्या आधी घालाव्यात हे मला सुचलं नव्हतं. त्यात हवा अडकते, ऊब राहते. मी फक्त एवढंच म्हटलं की गॅसच्या कप्प्याचं भोक झाकू नकोस. आणि रात्री गुपचूप माझा बांध उकरून फांद्या घातल्या. तिनं बघितलं असणार. बोलली नाय, कारण मी विचारलं नव्हतं.

डिसेंबर लागला. सहा तारखेला आपला स्वातंत्र्यदिन, त्याच्या आदल्या दिवशी माउरी येणार होता, रिकामी खोकी घेऊन. फोनवर आईला म्हणाला होता की पारा पडणार आहे, हट्ट पुरे झाला, कप बघून झालं की निघू. त्या सकाळी हिल्का माझ्या दारात आली आणि दोन प्रश्न विचारलेच नाहीत. एकच विचारला.

"तुझा कप कुठला गोठला होता?"

मी म्हटलं, माझा कुठं गोठला, मी पहिल्याच वर्षी पास.

ती हलली नाय. डोक्यावरचा दिवा माझ्या डोळ्यांत. "खरं उत्तर द्यायचं ठरलंय."

आता ऐक. बारा वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आलो होतो. खरं ठाऊक असलेला एकच माणूस होता, राउहाचा बाप, आणि तो सहा वर्षांपूर्वी गेला. दुसरं कुणाला कळायचं कारणच नव्हतं. पण मला ती पायरीवर बसलेली दिसली, राखेसारख्या चेहऱ्याची. एकदा गप्प बसून बघितलं होतं मी.

म्हटलं, ड्रायव्हरच्या सीटखालचा. पहिला हिवाळा मी बहिणीकडं सोफ्यावर काढला.

मग सगळं सांगितलं. सगळे नवे लोक तेच करतात जे मी केलं. सीटच्या मागं जाड पडदा लावतात आणि मागं उबेत बसतात. पडद्याच्या पुढं मग सगळी काच आणि पत्रा, तिथं बाहेरइतकीच थंडी. आणि कप तर तिथंच ठेवतात. राउहाचा बाप येडा नव्हता. तिथनं पाणी जिवंत निघालं, तरच गाडी खरी तयार. आणि थंडी तिथं काचेतनं येते म्हणून माणसं काच झाकतात, पण खरी शिरते ती पायांपाशी, पेडल जिथनं खाली जातात त्या भोकांतनं. वारा सुटला की तिथनं शिट्टी वाजते.

हिल्कानं ऐकून घेतलं. म्हणाली, "एवढंच होतं होय." आणि गेली.

दिवसभर त्या गाडीत खाटखूट चालली होती. काचेवर बाहेरनं तिनं लोकरीच्या जुन्या ब्लँकेटची शिवलेली गोधडी बांधली, आतला पडदा काढून टाकला, हीटरची एक नळी वाढवून सीटखाली आणली. आणि पेडलांच्या भोकांत काय कोंबलं असेल? शेवाळ. तेच, टोपल्यांतलं. ज्याला मी खिडकीतनं हसलो होतो. ओंजळी ओंजळीनं, बोटांनी दाबून, घराच्या ओंडक्यांच्या मधे दाबतात तसं. वरनं कागदाची पट्टी, पिठाची खळ.

संध्याकाळी माउरी आला. चांगला पोरगा आहे, वाईट नाय. मला म्हणाला, तुम्ही आईला नादाला लावलंत. मी म्हटलं, तुझ्या आईला नादाला लावणारा अजून जन्मायचाय. राउहानं कप ठेवले. माउरी कॅम्पच्या लाकडी खोलीत झोपला.

सकाळी नऊला पारा उणे एकोणतीस. सगळ्या जागांची माणसं हिल्काच्या दारात, नाकातनं धूर, पाय आपटत. माउरीची गाडी विजेच्या वायरला लावलेली, इंजिन उबदार राहायला, मागं खोकी भरायला तयार. हिल्कानं दार उघडलं. अलगद उघडलं बरं का, चिकटलं नाय. अंगात नुसता स्वेटर.

राउहा गुडघ्यावर बसली. दाराशी, बोट बुडवलं. पाणी. पलंगाखाली हात घातला. पाणी. मग पुढं गेली. मी दारात उभा होतो, मागनं सगळे माना लांब करत होते. सीटखाली हात गेला, आणि तिथंच राहिला. मला वाटलं संपलं. वाकून बॅटरी मारली तिनं. मग कप बाहेर काढला, उजेडात धरला आणि वाकडा केला. पाणी तिच्या अंगठ्यावरनं ओघळलं.

"पाणी," राउहा म्हणाली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आपण कुठं वाजवतो. पण मागं कुणी तरी नाक शिंकरलं, लई जोरात. माउरी होता तो.

हिल्कानं राउहाच्या हातातनं कप घेतला. दुसरे दोन पण गोळा केले. तिन्ही कपांचं पाणी कॉफीच्या भांड्यात ओतलं आणि गॅसवर ठेवलं. झरोका बोटभर उघडा होता, वाफ सरळ वर गेली. पहिला कप पोराला दिला.

"पी," म्हणाली. "सीटखालचं पाणी आहे यात."

तो प्यायला. भिंतीला हात लावून बघितला, कोरडी. गादी उचलून बघितली, कोरडी. मग म्हणाला, आई, खोकी मी परत नेतो. आणि जरा वेळानं म्हणाला, ते मशीन पण विकतो, पोरांना खोली होईल.

राउहानं विचारलं, पेडलांच्या भोकांचं कुणी सांगितलं तुला? तिच्या बापानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. हिल्का माझ्याकडं बघत नव्हती. कॉफी ओतत होती. माझं नाव घेतलं नसतं तिनं, मरेपर्यंत नाय.

मीच म्हटलं. सगळ्यांसमोर. "मी सांगितलं. माझा तिथंच गोठला होता पहिल्या वर्षी. अकरा हिवाळे झालेत मला इथं, बारा नाय."

राउहा म्हणाली, "माहीत आहे. बाबांनी सांगितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कुठं विचारलंस," म्हणाली, आणि हिल्का हसायला लागली. असली हसली की कपातली कॉफी सांडली. मग मी पण हसलो, मग सगळेच. उणे एकोणतीसमधे, दार सताड उघडं टाकून. गाडी तरी थंड पडली नाय.

शनिवारी सौना मी तापवला. लाकडं मी फोडली, तलावाच्या बर्फातल्या भोकातनं पाणी मी आणलं, फळीवर माझ्या नावाच्या वर तिचं नाव पण मीच रंगवलं, अक्षर वाकडं आलं. ती आत गेली आणि मी बाहेर बाकावर टॉवेल घेऊन बसलो. दीड तास. आतनं दगडांवर पाणी पडल्याचा आवाज यायचा, आणि ती गुणगुणायची काहीतरी. बाहेर आली तेव्हा अंगातनं वाफा निघत होत्या, चांदण्यात उभी राहिली अनवाणी, बर्फात. म्हणाली, विल्हो, मी ताउनोला सगळं सांगितलं आज आत बसून. त्यानं विचारलं नव्हतं तरी.

दुसरी वाफ पण वाईट नसते, बरं का. जरा ओली असते इतकंच.

आता त्या गोष्टीला तीन हिवाळे झाले. तिची गाडी ती, तीन नंबरला, बर्फाचा बांध सगळ्यात सुबक आहे ती. संध्याकाळी जा, ती तुला शेवाळ देईल, कुठं कोंबायचं ते पण दाखवेल. कॉफी आता तयार आहे, पण तुला ती मी लगेच देणार नाय. काल तुझी गाडी वळताना मी छताकडं बघितलं, झरोक्यावर तू चिकटपट्टी लावलीयस, निळी, चारी बाजूंनी. तू विचारलं नाहीस. तरी सांगतो. शिडी माझ्या दाराशी टेकून ठेवलीय, आधी वर जा आणि ती पट्टी काढून ये.